उद्यमनगरात आलेलं धनुष्य

(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: धनुष्याचं खालचं पातं, अगदी जवळून]

धनुष्याच्या खालच्या पात्यावरची, म्हणजे मुठीखालच्या वाकणाऱ्या भागावरची, ही आडवी पांढुरकी रेघ बघा. रेघेच्या वरचं पातं अजून गुळाच्या रंगाचं आहे, खालचं दुधाळ पडलंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. तिथं धोक्याची पातळी ४३ फूट. नदीकडच्या एका घरात हे धनुष्य भिंतीवर उभं टांगलेलं होतं आणि पाणी बरोब्बर या रेघेपर्यंत चढलं. वरचं पातं कोरडं, खालचं टोक दिवसचे दिवस पाण्यात. पूर ओसरल्यावर माणसं चिखल उपसतात, गाद्या टाकून देतात, सातबारा आणि रेशनकार्ड वाळत घालतात. धनुष्याची पाळी येतच नाही.

[दृश्य: अंगणात बाई, हातात धनुष्य]

बाई शाळेत खेळ शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत सगळे त्यांना अजून बाईच म्हणतात. त्यांचे थोरले भाऊ इंजिनिअर. सत्तरच्या दशकात अमेरिकेहून परतताना त्यांनी हे धनुष्य बहिणीसाठी आणलं. पात्यावर आतल्या बाजूला हातानं लिहिलेले आकडे आहेत: ६२ इंच, ४५ पौंड. लांबी ६२ इंच. आणि दोरी २८ इंचांपर्यंत ओढली की बोटांवर ४५ पौंडांचा, म्हणजे साधारण २० किलोंचा ताण.

आज स्पर्धेत दिसणारं धनुष्य तीन तुकड्यांत सुटतं, त्याची मूठ धातूची असते. हे अखंड आहे. १९७२ साली म्युनिकला तिरंदाजी ५२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतली, त्याच्या आगेमागे अशी अखंड लाकडी रिकर्व्ह धनुष्यं भरपूर बनत होती. टोकं पुढं वळलेली, म्हणून रिकर्व्ह. दोरी चढवली की ती या वळणावर टेकून बसते. ओढत गेलं की वळण उलगडतं, आणि एवढ्या आखूड धनुष्यातही बाणाला चांगला वेग मिळतो.

पात्याची कड नीट पाहिली तर थर दिसतात. मधे मेपल लाकडाच्या पातळ पट्ट्या, बाहेरून आणि आतून फायबरग्लास. ओढताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि या सगळ्याला धरून ठेवतो तो फक्त गोंद. पुरानं नेमका तोच गाठला.

[दृश्य: शिवाजी उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत, पत्र्याची शेड, भिंतीवर टांगलेले लाकडी पॅटर्न]

कोल्हापुरात धनुष्य दुरुस्त करणारा माणूस शोधायला गेलं तर सापडणार नाही. पण लाकूड, गोंद आणि वळण या तिन्हींची जाण असलेली माणसं इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फाउंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायच्या आधी वाळूचा साचा लागतो, आणि साच्याच्या आधी लाकडी पॅटर्न, म्हणजे वस्तूचा लाकडातला नमुना. तो करणारे हे मेस्त्री.

त्यांच्या हातातली पट्टी बघा. हिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित मोठा आहे. ओतलेलं बीड गार होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढाच वाढवून करायचा. पंपाचं केसिंग असो की इंजिनाचा ब्लॉक, वळणावर अर्धा मिलिमीटर चुकला तर अख्खी ओतणी भंगारात. हल्ली पॅटर्न संगणकावर काढून मशीनवर कापतात. या शेडमध्ये एकेकाळी पाच टेबलं चालायची, आता एकच चालतं.

बाईंनी विचारलं, "मेस्त्री, जमंल काय हे?"

मेस्त्रींनी पातं कानाजवळ धरून टिचकी मारली. वर टणक आवाज, खाली बद्द. "न जमायला काय झालं बाई? पण दिवाळीपर्यंत हात लावायचा न्हाई. पावसाळ्यात चिकटकाम करत न्हाईत."

[दृश्य: कापसाचा बोळा पात्यावरून फिरतोय]

दिवाळीनंतरची कोरडी हवा. पहिली तपासणी कापसानं. बोळा काचेवरून, म्हणजे फायबरग्लासवरून, हळू फिरवायचा. जिथं तंतू अडकेल तिथं काचेची शीर उचकटलेली आहे. डोळ्याला दिसत नाही ते कापूस दाखवतो, आणि बोटही वाचतं. फायबरग्लासची कूस बोटात गेली की लवकर निघत नाही. वरच्या पात्यावर बोळा कुठंच अडकला नाही. खाली टोकाकडून वितभर अंतरात काच आणि लाकूड यांच्यामधे दाढीचं ब्लेड सरळ आत गेलं.

[दृश्य: फर्मा कापताना, लांब शॉट. इथं संगीत कमी]

आता मेस्त्रींचं खरं काम. पातं वळलेलं आहे. सपाट फळीवर दाबून चिकटवलं तर वळण बिघडणार. त्यासाठी फर्मा हवा. माप कुठून घ्यायचं? वरचं पातं शाबूत आहे आणि दोन्ही पात्यांचं वळण एकसारखं. त्यांनी वरच्या पात्याचं वळण प्लायवूडवर उतरवून घेतलं, बँडसॉवर कापलं, मग कानस, मग पॉलिश पेपर. दर थोड्या वेळानं पातं ठेवून उजेडासमोर धरायचं. फटीतून उजेड आला की पुन्हा कानस. या कामात घाई नावाची गोष्ट आम्हाला चित्रित करता आली नाही, कारण ती नव्हतीच.

मग फट साफ करणं. ब्लेडला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून आतला जुना गोंद खरवडायचा. तोंडाला मास्क, कारण काचेची धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नसते. आत स्पिरिटचा हात, मग पूर्ण वाळू द्यायचं. इथं फेविक्विक चालत नाही. ते झटकन धरतं पण कडक आणि ठिसूळ होतं, पात्याला तर दर बाणाला वाकायचंय. लागतं ते सावकाश धरणारं दोन नळ्यांचं अरल्डाइट.

[दृश्य: सिरिंजमधून गोंद फटीत जातोय, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या]

गोंद सिरिंजनं आत. फट किंचित उघडझाप करायची म्हणजे तो खोलवर जातो. आणि आता हे बघा, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. पातं फर्म्यावर ठेवून या पट्ट्या ताणून गुंडाळत जायच्या, फेऱ्यावर फेरा. क्लॅम्प एका जागी दाबतो आणि मधे सोडतो. रबर सगळीकडं सारखं दाबतं. कडेनं गोंदाचे मणी बाहेर आले म्हणजे आत पोकळी उरली नाही.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या सोडल्या. टिचकीला टणक आवाज.

[दृश्य: दोरी चढवलेलं धनुष्य, टोकाकडून पाहिलेलं]

दोरी चढवल्यावर नवीन दुखणं दिसलं. दोरी वरच्या पात्याच्या मधोमध, खाली मात्र डावीकडं सरकलेली. पातं पिळलंय. यावर उपाय केस वाळवायच्या ड्रायरचा. दोरी उतरवायची, पातं हाताला सोसेल इतकंच तापवायचं, जास्त तापलं तर आत्ताच लावलेला गोंद मऊ पडेल. मग पिळाच्या उलट दिशेला वळवून गार होईपर्यंत धरून ठेवायचं. असं पुन्हा पुन्हा. बाईंची नात एक बाजू धरून बसली आहे.

पीळ पडण्याचं दुसरं कारण घराघरांत आहे. पायात अडकवून, मांडीवर वाकवून दोरी चढवायची सवय. त्याऐवजी स्ट्रिंगर, म्हणजे धनुष्य न पिळता दोरी चढवायचं साधन, वापरायचा. हा जो दिसतोय तो सुभाषनगरच्या चप्पल कारागिरानं शिवलाय: नायलॉनची दोरी आणि दोन टोकांना चामड्याचे खिसे. मुठीवर बाण जिथं टेकतो तिथली चामड्याची पट्टीही त्याच्याकडचीच. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं हे चामडं, कोल्हापुरी चपलेचं.

[दृश्य: पात्यावरचे जुने आकडे, भोवतीनं पॉलिश]

दुधाळ पडलेलं जुनं पॉलिश बारीक स्टील वूलनं उतरवलं, पण ६२ आणि ४५ हे आकडे मेस्त्रींनी सोडले. त्यांच्याभोवती बेट ठेवून नवीन पॉलिशचे पातळ हात दिले. टोकाच्या खाचा गोल कानशीनं गुळगुळीत केल्या, धारदार कड राहिली तर ती दोरीच कापते.

दोरी नवीन, १४ पदरी डेक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टर धाग्याची. धनुष्यापेक्षा साधारण ४ इंच आखूड. बाजारात याहून वेगवान, न ताणणाऱ्या दोऱ्या मिळतात. त्या जुन्या धनुष्याला लावायच्या नाहीत. बाण सुटल्यावरचा झटका डेक्रॉन थोडा पचवतं, त्या दोऱ्या तो थेट टोकांवर टाकतात. मुठीपासून दोरीचं अंतर पावणेआठ इंचांवर आणलं. कमी-जास्त करायचं तर दोरीला पीळ द्यायचा किंवा काढायचा.

[दृश्य: भिंतीवरची कप्पी, वजनकाटा, हळूहळू वाकणारं धनुष्य]

ही परीक्षा. मूठ भिंतीला अडकवून कप्पीवरून दोरी ओढायची, मधे लटकता वजनकाटा. थोडं ओढा, सोडू नका, परत आणा. बाण न लावता दोरी सोडणं म्हणजे धनुष्य फोडणं. सगळी ताकद पात्यांतच परत शिरते. पाती सारखी वाकतायत का ते मेस्त्री बाजूला उभं राहून पाहतात. ओढ २६ इंचांवर थांबवली. त्यापुढं ओढायचं नाही, चिकटवलेल्या पात्याची हमी कुणी देत नाही, एवढं त्यांनी बजावलं.

जपणुकीचं बाईंना सांगावं लागलं नाही. काम झालं की दोरी उतरवायची. टोकावर उभं करायचं नाही, दोन खुंट्यांवर आडवं ठेवायचं. उन्हातल्या बंद गाडीत ठेवायचं नाही. पावसाळ्यात पुसून मेणाचा हात.

[दृश्य: मोकळं मैदान, गवताची गादी, नातीचा पहिला बाण]

पहिले बाण डावीकडं गेले. बाण धनुष्याच्या मानानं ताठ आहेत, सहज वाकणारे लागतील. दोरीवर बाण अडकवायची पितळी कडी थोडी वर सरकवली, तेव्हा बाणाचं शेपूट हलायचं थांबलं.

नातीनं मेस्त्रींना विचारलं, "मामा, पूर्ण कधी ओढायचं?"

"आधी शंभर बाण मार पोरी. मग घेऊन ये, कापूस फिरवून बघतो."