फळी किती उंचावर आणि किती अंतरावर?

धुळे-जळगावकडच्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांत भिंती चांगल्या जाड असत आणि वस्तू ठेवण्याची सोय त्या जाडीतच, म्हणजे कोनाड्यात आणि फडताळात, केलेली असे. आजच्या घरातली आतली भिंत बहुधा साडेचार इंचांची असते. तिच्या पोटात काही मावत नाही, म्हणून आपण तिच्यावर फळ्या लावतो. त्यातही ब्रॅकेट न दिसणारी, भिंतीतूनच निघाल्यासारखी वाटणारी फळी सध्या अनेकांना हवी असते. मिस्तरी विचारतो, ‘कुठे घेऊ?’ आणि घरमालक चार पावले मागे सरून, मोकळी भिंत पाहून, बोटाने जागा दाखवतो. माझा आक्षेप नेमका या बोटाला आहे. फळीची जागा भिंतीने ठरवायची नसते; तिच्यावर ठेवायच्या वस्तूने आणि ती वस्तू रोज काढणाऱ्याच्या हाताने ठरवायची असते.

आधी दोन फळ्यांमधले अंतर पाहू. त्या फळीवरची सर्वांत उंच वस्तू मोजावी आणि तिच्यावर हात आत जाण्यासाठी दोन इंच सोडावेत. डेमी आकाराचे पुस्तक साडेआठ इंच उंच असते, दिवाळी अंक त्याहून मोठे असतात. म्हणून दोन्ही एकत्र ठेवायचे असतील तर बारा इंच मोकळी जागा पुरते, नुसत्या पुस्तकांना साडेदहा-अकरा इंच पुष्कळ झाले. येथे एक गोष्ट हमखास निसटते. भिंतीत रोवलेल्या लोखंडी सळ्या आत बसवायच्या असल्यामुळे ही ब्रॅकेट न दिसणारी फळी साध्या पाऊण इंची प्लायसारखी पातळ नसते, दीड ते दोन इंच जाड असते. तुम्ही मिस्तरीला ‘बारा इंचांवर घ्या’ म्हणालात आणि त्याने सळीपासून सळीपर्यंत बारा इंच मोजले, तर हातात साडेदहा किंवा दहाच इंच उरतात आणि दिवाळी अंक आडवे पडतात. म्हणून माप सांगताना ‘मोकळे बारा इंच’ असेच सांगावे. सगळी अंतरे सारखी ठेवण्याचा हट्टही मला पटत नाही. खाली मोठे आणि वर लहान अंतर ठेवले तर जड वस्तू आपोआप खाली राहतात.

स्वयंपाकघरात हिशोब ओट्यापासून सुरू होतो. ओटा चौतीस इंचांवर धरला आणि वाकून काम करताना कपाळ आपटू नये, मिक्सरही खाली मावावा म्हणून बावीस इंच सोडले, तर पहिल्या फळीचा तळ छप्पन्न इंचांवर येतो. तिची जाडी दीड इंच आणि वर मोकळे बारा इंच धरले, तर दुसरी फळी साडेएकोणसत्तर इंचांवर सुरू होते आणि वस्तू एकाहत्तर इंचांवर बसते. पाच फूट उंचीच्या बाईचा हात टाचा न उचलता सहा फुटांच्या थोडा वर पोचतो. मध्ये ओटा आला की तेवढाही नाही. म्हणजे तिसऱ्या फळीचा विचार सोडून द्यावा, आणि दुसरीवर सणावारीच लागणाऱ्या हलक्या वस्तू ठेवाव्यात. उन्हाळ्यात केलेले पापड-बिबड्या ज्यात ठेवतात तो पंधरा किलो तेलाचा रिकामा डबा सुमारे चौदा इंच उंच आणि नऊ इंच रुंद असतो. आठ इंच खोल फळीवर तो इंचभर बाहेर राहील. त्याची जागा माळ्यावर किंवा ओट्याखाली. शेगडीच्या बरोबर वर मात्र फळी नकोच, मग अंतर कितीही असो.

बैठकीत दिवाणाच्या वर फळी घ्यायची असेल तर ती पाच फुटांच्या खाली आणू नये आणि फळीची खोली आठ इंचांवर नेऊ नये. टेकून बसलेला माणूस पटकन उठतो तेव्हा डोके पुढे आणि वर, दोन्हीकडे जाते.

आपल्याकडे आणखी एक पाहावे लागते. एप्रिल-मेमध्ये खिडकीला कूलर लागतो आणि त्याची दमट हवा समोरच्या भिंतीवर दोन महिने आदळते. त्या झोतातली पार्टिकल बोर्डाची फळी कडेने फुगते, पापडही सादळतात. त्यामुळे कूलरची खिडकी कोणती, हे ठरवूनच फळीची भिंत निवडावी.

राहिले वजन. फूटभर पुस्तके आठ-दहा किलोंची भरतात. फळीची लांबी दुप्पट केली आणि ती तशीच भरली, तर मधला झोळ दुप्पट नव्हे, सोळापट होतो. म्हणून पुस्तकांसाठी तीन फुटांपुढे अखंड फळी घेऊ नये. फळी जितकी खोल, तितकी वरच्या बाजूला सळी भिंतीतून उपटण्याची ओढ जास्त. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या, भिंतीत स्क्रू धरणारा साधा प्लग सैल होतो, तिला तिच्यासाठीचाच लांब प्लग लागतो. मातीच्या भिंतीवर ही फळी लावूच नये. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल चालवू नये, कारण वायरींचा पाइप बहुधा त्याच रेषेत गेलेला असतो. छिद्रे पाडण्याआधी फळीच्या मापाचे वर्तमानपत्र कापून भिंतीवर चिकटवावे आणि घरात जी व्यक्ती ती फळी सर्वांत जास्त वापरणार आहे, तिला हात लावून पाहायला सांगावे.