सर, याला जरा सरळ करा

[शाळेचा हॉल, संध्याकाळ. दाराबाहेर बूट-चपला]

डोंबिवलीतल्या एका शाळेचा हॉल, सात वाजत आलेत, आणि पायरीवर बघा बूट कसे लावलेत, सगळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला, एका रेषेत. कराटे क्लासमध्ये नवीन आलेल्या मुलाला पंच मारायच्या आधी हे शिकवतात, आणि ज्या मुलांसाठी आम्ही कॅमेरा घेऊन इथे आलो त्यांना नेमकं हेच जड जातं, ती धावतच येतात, एक बूट इथे, दुसरा तिकडे, आणि थेट हॉलच्या मधोमध.

यातली बरीच मुलं स्वतःहून आलेली नाहीत. कोणी मस्ती फार करतो म्हणून पाठवलंय, कोणी शाळेत मार खाऊन येतो म्हणून, कोणाच्या हातातून मोबाइल सुटत नाही म्हणून. आणि अ‍ॅडमिशनला आलेले पालक सरांना पहिल्यांदा जे बोलतात ते जवळपास ठरलेलं असतं, "सर, याला जरा सरळ करा."

[रांग लागते. ब्राऊन बेल्ट एका टोकाला, व्हाइट दुसऱ्या]

आता रांगेत डावीकडून तिसरा बघा. पट्ट्याचं टोक तोंडात, शेजारच्याला कोपर मारून झालंय, डोळे मिटून बसायचंय तर याचे डोळे पंख्यावर. सरांना तो दिसलाय, ते काही बोलत नाहीत. ओरडलं की अख्ख्या हॉलचं लक्ष त्याच्याकडे जातं, आणि त्याला तेच हवं असतं, हे कुठलाही जुना शिक्षक सांगेल. मोकुसो, म्हणजे हे डोळे मिटून शांत बसणं, संपतं, मुलं उठतात, आणि सर त्या मुलाला पुढे बोलावतात. शिक्षेसाठी बोलावलं असं सगळ्यांना वाटतं, त्यालाही. सर म्हणतात, "आज काउंट तू द्यायचा."

[मुलगा रांगेसमोर उभा]

इची, नि, सान, शि, गो, जपानी एक-दोन-तीन. सुरुवातीला आवाज अडकतो, रोकु नंतर काय ते आठवत नाही, मागून एक ताई हळूच सांगते, "शिची." आणि मग बघा, प्रत्येक आकड्याला समोर सगळ्यांचे पंच एकदम सुटतायत, त्याच्या आवाजावर. जो काउंट देतो त्याला मस्ती करता येत नाही, तो थांबला तर सगळा हॉल थांबतो. दहा पंच झाले, वीस झाले, पट्ट्याचं टोक तोंडातून कधी निसटलं ते त्यालाही कळलं नाही.

ही काही नवीन मानसशास्त्राची युक्ती नाही. कराटे आज ज्या रूपात मुलांना शिकवतात ते रूपच मुळात शाळेसाठी घडवलेलं आहे, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही कारण आपल्याकडे कराटे म्हटलं की लोकांना फुटलेल्या कौलांचा ढीग आठवतो. १९०१ च्या सुमारास जपानच्या ओकिनावा बेटावर आन्को इतोसु नावाच्या म्हाताऱ्या गुरूने कराटे प्राथमिक शाळेत नेलं. तोपर्यंत ते मोठी माणसं, थोडी माणसं, बहुतेक आडबाजूला शिकायची. शाळेत पन्नास पोरं एकदम समोर, तिथे ते चालणार नव्हतं. त्याने धोक्याचं होतं ते बाजूला काढलं, अवघड काता, म्हणजे हालचालींच्या ठरलेल्या मालिका, तोडून मुलांना झेपतील असे पाच लहान काता बांधले, पिनान म्हणतात त्यांना, आज आपल्या बऱ्याच क्लासमध्ये तेच हेइआन नावाने चालतात. १९०८ मध्ये त्याने शिक्षणखात्याला दहा मुद्द्यांचं पत्र लिहिलं, कराटे शाळेत का हवं आणि कसं शिकवायचं ते त्यात आहे. त्याचा शिष्य गिचिन फुनाकोशी, ज्याने १९२२ मध्ये टोकियोला जाऊन कराटे दाखवलं आणि मग ते जगभर गेलं, तो पेशाने शाळामास्तर. ज्युदो सुरू करणारा जिगोरो कानो, तोही शिक्षक, हेडमास्तर. म्हणजे हा पट्टा, ही रांग, हा नमस्कार, ज्या माणसांनी बसवलं त्यांच्यासमोर रोज पोरं होती, चुळबुळ करणारी, रडणारी, भांडणारी. अवघड मूल सांभाळणं हे कराटेच्या बाहेरचं, डोक्याला ताप देणारं काम आहे असं जे इन्स्ट्रक्टर मानतात त्यांनी हा इतिहास एकदा वाचावाच, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दोरीला लटकवलेला वर्तमानपत्राचा कागद]

हा दुसरा मुलगा. हाताला भयंकर जोर, आणि कुमितेमध्ये, म्हणजे जोडीतल्या लढतीत, समोरच्याला लागेपर्यंत थांबत नाही, त्यामुळे याच्याबरोबर कोणी पार्टनर व्हायला तयार नाही. सरांनी त्याच्यासमोर माणूस ठेवलाच नाही, कागद ठेवलाय. पूर्ण ताकदीने पंच, पण कागदाच्या आधी थांबायचं. वाऱ्याने हलला चालेल, हात लागला की पुन्हा पहिल्यापासून. बघा, पहिला फाटला. दुसरा फाटला. तिसऱ्याला चिडून त्याने मुद्दाम फाडला, सरांनी शांतपणे नवीन पान लावलं, रद्दी भरपूर आणून ठेवलीये. आणि आता हा बघा, स्लोमध्ये दाखवतोय, मूठ कागदापाशी येऊन अशी थांबली की खांदा थरथरला. थांबायला मारण्यापेक्षा जास्त ताकद लागते हे त्याला कोणी भाषण देऊन सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं.

या हॉलमध्ये शिक्षा म्हणून पुशअप्स नाहीत. एरवी सगळीकडे असतात, उशीर झाला दहा मार, बोललास वीस मार. सरांचं म्हणणं साधं आहे, व्यायाम हीच शिक्षा केली तर पोरगं व्यायामाचा तिटकाराच शिकेल. त्याऐवजी भिंतीजवळचा हा बाक. खूप झालं तर "बसून बघ", इतकंच. किती वेळ ते सर ठरवत नाहीत, मूल स्वतः उठून येतं आणि विचारतं, "सर, येऊ का?" आणि सर कायम हो म्हणतात, मागचं काढत नाहीत. ही मुलगी मात्र बाकावर शिक्षेने बसलेली नाही, ती अजून आत यायलाच तयार नाही, आईची ओढणी धरून दारात उभी असायची, मग बाकापर्यंत आली, आज तिच्या हातात किक पॅड दिलाय, फक्त धरायला. कोणी तिला ओढत नाही.

[पालकांचा बाक]

आणि हे पालक.

खरं सांगायचं तर मुलांपेक्षा इथे वेळ जास्त जातो. कुमिते चालू असताना बाजूने "अरे मार ना! लाथ मार!" असं ओरडणारे बाबा, पोरगं समोरच्याकडे बघायचं सोडून बाबांकडे बघतं आणि तेवढ्यात त्याला पॉइंट बसतो. "पलीकडच्या क्लासमध्ये चार महिन्यांत ग्रीन बेल्ट देतात, तुम्ही अजून यलोवरच" असं म्हणणाऱ्या आई. आणि सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य, तेही प्रेमाने, "सर, दोन फटके द्या, आमची परवानगी आहे."

सर हात जोडतात. "दादा, तुमची परवानगी असली तरी मी नाही मारणार." आणि कायद्याचं म्हणाल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मारहाण किंवा छळ करणं हा गुन्हाच आहे, तिथे आईबापाची परवानगी चालत नाही. सर अजून एक गोष्ट मागतात, घरी मूल जेवत नाही, अभ्यास करत नाही, तर "थांब, सरांना सांगते" असं म्हणू नका. कारण मग तो हॉलमध्ये येतानाच घाबरलेला असतो किंवा चिडलेला, आणि पहिली वीस मिनिटं ते उतरवण्यात जातात.

बेल्टचं प्रकरण जरा समजून घ्यायला हवं. रंगीत पट्टे कराटेबरोबर ओकिनावाहून आलेले नाहीत, ते युरोपात ज्युदो शिकवताना १९२०-३० च्या दशकांत रुजले, शिकणाऱ्याला आपण पुढे सरकतोय हे दिसावं म्हणून. आपल्याकडे त्याच्या पुढे सर्टिफिकेट जोडलं गेलं. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण असतात, महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे पालकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं, पण ते ठरलेल्या मान्यताप्राप्त स्पर्धांमधल्या कामगिरीवर मिळतं, क्लासच्या ऑरेंज बेल्टवर मिळत नाही, आणि हे स्पष्ट न सांगता ग्रेडिंगची, म्हणजे बेल्टच्या परीक्षेची, फी घेणारे क्लास आहेत. पालक चिडतात त्यात त्यांचा एकट्याचा दोष नाही.

सरांचा नियम असा, तक्रार क्लासनंतर, आणि मूल समोर नको. मुलाला पाणी प्यायला पाठवायचं, मग बोलायचं. आणि बोलताना सुरुवात आज मुलाने काय चांगलं केलं यापासून, कारण बऱ्याच आयांनी शाळेतून आठवडाभर तक्रारीच ऐकलेल्या असतात.

[शेवटचा शनिवार. पालक अनवाणी, मॅटवर]

आणि हा आमचा सगळ्यात आवडता दिवस. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पालकांनी बाकावर बसायचं नाही. साड्या, फॉर्मल पँटी, एक आजोबा तर स्वेटरसकट, सगळे रांगेत. आधी किबा दाची, म्हणजे गुडघे वाकवून, पाय फाकवून, घोड्यावर बसल्यासारखं नुसतं उभं राहायचं. चेहरे बघा. एका मिनिटात मांड्या भरून आल्या. हे जे बाबा भिंतीला टेकले ना, हेच मघाशी "लाथ मार" म्हणत होते. शेजारी त्यांचा मुलगा, पाठ ताठ, हलत नाही, आणि त्यांच्याकडे बघतोय.

मग पालकांच्या हातात पॅड. मूल किक मारणार, पालकांनी धरायचं, बोलायचं फक्त सरांनी. पहिल्या किकला बाबा एक पाऊल मागे गेले. दुसऱ्याला त्यांनी पाय रोवले. मुलाने तिसरी मारली आणि पॅडच्या वर त्यांचा चेहरा जो झाला तो आम्ही कापलेला नाही, पूर्ण ठेवलाय.

[नमस्कार, दिवे बंद व्हायच्या आधीचा हॉल]

लवकर बेल्ट मिळत नाही म्हणून काही कुटुंबं सोडून गेली, हॉलचं भाडं तेवढंच आहे. एका मुलाने शाळेत मारामारीत किक वापरली, त्याचं ग्रेडिंग थांबवलं, तो परत आला नाही.

नवीन बॅच जूनमध्ये, शाळा सुरू झाल्या की. अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर सरांनी दोन प्रश्न वाढवलेत, मूल चिडलं की घरी काय केल्यावर शांत होतं, आणि कराटे कोणाला हवंय, मुलाला की तुम्हाला. दुसऱ्या प्रश्नापुढची जागा बरेच पालक मोकळी सोडतात, मग सर मुलाला बाजूला घेऊन विचारतात आणि स्वतः लिहितात.