अँजिओग्राफी नॉर्मल, तरी छातीत कळ

(दृश्य : कॅथ लॅब, म्हणजे अँजिओग्राफी करतात ती खोली. मॉनिटरवर काळ्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या उमटतात आणि विरतात.)

मनगटातून आत सरकवलेली बारीक नळी हृदयाच्या धमनीच्या तोंडाशी पोहोचली आहे. एक्स-रेत वाहिन्या दिसाव्यात म्हणून डाय (रंगद्रव्य) सोडला की दोन-तीन ठोक्यांपुरतं सगळं दिसतं. कुठेही ब्लॉकेज नाही. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि काही दिवसांनी, जिना चढताना, बाई पुन्हा छातीवर हात ठेवून थांबते.

मग ठरलेली उत्तरं मिळतात. पित्त असेल. टेन्शन असेल. पाळी जायच्या वयात असं व्हायचंच. दुखणं खरं असताना ते मनाचे खेळ म्हणून झटकलं जातं, हा त्या बाईवर अन्याय आहे.

(दृश्य : हृदयाचे ॲनिमेशन, मोठ्या धमनीकडून सूक्ष्म वाहिन्यांकडे)

अँजिओग्राफीत दिसतात त्या वरवरच्या मोठ्या धमन्या. साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्या त्या चित्रात येतच नाहीत. पण हृदयाच्या स्नायूला कुठे किती रक्त सोडायचं, ते मुख्यतः त्याच ठरवतात. गावाला पाणी पुरवणारी मोठी पाइपलाइन मोकळी असली, तरी गल्लीतला व्हॉल्व्ह उघडला नाही तर नळ कोरडाच राहतो. धमनीतला अडथळा ५० टक्क्यांहून कमी, तरी हृदयाला रक्त अपुरं : या अवस्थेला डॉक्टर ‘इनोका’ म्हणतात. कधी दोष सूक्ष्म वाहिन्यांत असतो, कधी मोठी धमनीच अचानक आवळते, तिला स्पॅझम म्हणतात. काहींना दोन्ही असतं.

यात वयाचा संबंध कुठे येतो?

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, त्याने वाहिनी सैलावते. वय वाढतं तसं हे अस्तर मंदावतं. १९९४ साली हृदयरोगतज्ज्ञ डेव्हिड सेलरमायर आणि सहकाऱ्यांनी २३८ निरोगी माणसांच्या दंडातली धमनी सोनोग्राफीने तपासली. पुरुषांत वाहिनी सैलावण्याची क्षमता चाळिशीनंतर हळूहळू उतरत गेली. बायकांत ती पन्नाशीपर्यंत टिकली, आणि मग पुरुषांच्या दुपटीहून जास्त वेगाने घसरली. हे वय पाळी बंद होण्याचं. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक या अस्तराला हात देतं, तेच आता ओसरतं. तपासणी दंडाची होती, हृदयाची नव्हे, तरीही पन्नाशीतल्या बाईची तक्रार गांभीर्याने घ्यायला एवढं पुरेसं आहे.

त्यात रक्तदाब, मधुमेह यांची भर पडते. धमन्या ताठर होतात, विश्रांतीतही हृदयाला जास्त रक्त लागू लागतं, आणि श्रमाच्या वेळी वाढवून द्यायला हातात फारसं काही उरत नाही.

म्हणून वय कमी म्हणजे सुटलो, असंही नाही. स्पॅझम त्यामानाने तरुण माणसालाही गाठतो, सिगारेट ओढणाऱ्याला तर विशेष. त्याची कळ बहुधा बसल्याजागी येते, रात्री किंवा पहाटे.

हे दुर्मीळ नाही. डेन्मार्कमध्ये छातीदुखीसाठी अँजिओग्राफी झालेल्या ११,२२३ रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६५ टक्के बायका आणि ३२ टक्के पुरुषांत मोठा अडथळा नव्हता. तरी पुढच्या काळात त्यांना हृदयविकाराचा धोका निरोग्यांपेक्षा जास्तच राहिला.

(दृश्य : नळीच्या टोकाशी औषधाची सिरिंज)

शोधायचं ठरवलं तर सापडतं. त्याच नळीतून वाहिन्या सैल करणारं ॲडेनोसिन हे औषध देऊन, सेन्सर असलेल्या तारेने, रक्तप्रवाह किती वाढतो ते मोजतात. मग थोडं थोडं ॲसिटिलकोलिन हे दुसरं औषध सोडतात. निरोगी वाहिनी सैलावते, बिघडलेली आवळते. ईसीजीची रेघ बदलते आणि टेबलावरचा रुग्ण सांगतो, “हीच ती कळ.”

स्कॉटलंडमधल्या ‘कॉरमिका’ या चाचणीत, २०१८ साली, अडथळा नसलेल्या १५१ रुग्णांची अशी तपासणी झाली. जवळपास नऊ-दशांश जणांत कारण हृदयाच्या वाहिन्यांतच निघालं. कारणानुसार औषध मिळालेल्यांचं दुखणं सहा महिन्यांत इतरांपेक्षा जास्त कमी झालं. निदान नेमकं हवं ते यासाठीच : सूक्ष्म वाहिन्यांच्या दोषात बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी औषधं, उपयोगी पडतात, स्पॅझममध्ये मात्र तीच कधी त्रास वाढवतात. तिथे वाहिन्या सैल करणारे कॅल्शियम चॅनल ब्लॉकर लागतात.

ही तपासणी सगळीकडे होत नाही. पण रिपोर्ट नॉर्मल येऊनही कळ थांबली नसेल, तर फाइल कपाटात टाकू नका. ती घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि सूक्ष्म वाहिन्यांविषयी, स्पॅझमविषयी स्पष्ट विचारा. कळ किती वाजता आली, काय करत असताना आली, किती वेळ टिकली, हे लिहून न्या. आणि विश्रांती घेऊनही दुखणं थांबत नसेल, घाम फुटला, दम लागला, तर जुना नॉर्मल रिपोर्ट दाखवून घरी बसू नका. थेट इमर्जन्सीत जा.