अमेरिकेची गाणी: मालक कुठले, पैसे कुणाचे

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत रेडिओ स्टेशन विकत घ्यायला निघालात, तर १९३४च्या कम्युनिकेशन्स ॲक्टचं कलम ३१० आडवं येतं. परवाना ज्या कंपनीच्या नावावर आहे, तिच्यात परदेशी वाटा २० टक्क्यांपर्यंतच. तिच्यावरच्या मालक-कंपनीत तो २५ टक्क्यांच्या पुढे न्यायचा, तर तिथल्या दळणवळण आयोगाची (एफसीसी) खास परवानगी लागते. मूळचे ऑस्ट्रेलियाचे माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोक १९८५ साली अमेरिकी नागरिक झाले, ते टीव्ही स्टेशनं घेताना येणाऱ्या याच अडचणीमुळे. पण त्या स्टेशनवर जी गाणी वाजतात, ती काढणारी रेकॉर्ड कंपनी विकत घ्यायची असेल तर? तिथे कसलीच मर्यादा नाही. शंभरच्या शंभर टक्के घ्या.

आणि बाहेरच्यांनी त्या घेतल्याही. १९५५ साली ब्रिटनच्या ईएमआयनं कॅपिटॉल घेतली, १९६२ मध्ये हॉलंडच्या फिलिप्सनं मर्क्युरी. जर्मनीच्या बर्टेल्समाननं १९७९ साली अरिस्टा घेतली आणि १९८६ मध्ये आरसीए. जानेवारी १९८८ मध्ये सोनीनं २ अब्ज डॉलर मोजून सीबीएस रेकॉर्ड्स, म्हणजे कोलंबिया आणि एपिक, घरी नेल्या. एमसीएची गंमत तर और. १९९० साली ती जपानच्या मात्सुशिताकडे गेली, १९९५ मध्ये कॅनडाच्या सीग्रॅम या दारू कंपनीकडे, तिनं १९९८ मध्ये पॉलिग्रॅम ही दुसरी रेकॉर्ड कंपनी त्यात मिसळली, आणि २००० साली सगळं मिळून फ्रान्सच्या विवेंदीच्या पदरात पडलं. आज तिचं नाव युनिव्हर्सल, आणि सप्टेंबर २०२१पासून तिचे शेअर ॲमस्टरडॅमच्या बाजारात खरेदी-विक्रीला आहेत. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन मोठ्यांपैकी अमेरिकी मालकीची म्हणावी अशी एकटी वॉर्नर उरली.

मालक परदेशी झाला की देशाचं व्यापारधोरण बदलतं का? याची पहिली परीक्षा झाली ती डॅटच्या, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपच्या वेळी. १९८७ साली जपानी कंपन्यांनी ही यंत्रं बाजारात आणली. सीडीची हुबेहूब प्रत घरबसल्या निघणार म्हटल्यावर अमेरिकी रेकॉर्ड कंपन्या हादरल्या. सीबीएसनं त्यावर ‘कॉपीकोड’ काढला. गाण्याच्या आवाजातून ३८४० हर्ट्झच्या आसपासची एक बारीक पट्टी कापून टाकायची. यंत्रातल्या चिपला ती खाच ऐकू आली की रेकॉर्डिंग थांबायचं. अशी चिप नसलेल्या यंत्रांना अमेरिकेत बंदी घाला, अशी विधेयकं काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, आली. थोडक्यात, आयातीचा दरवाजा चिपच्या कडीनं लावायचा.

हे प्रकरण चाचणीसाठी नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी मानक-संस्थेकडे गेलं. मार्च १९८८ मध्ये निकाल आला: चिप नेमानं काम करत नाही, काही गाण्यांत कापलेली पट्टी कानाला जाणवते, आणि तिला चकवणं सोपं आहे. तीनही कसोट्यांवर नापास. पियानोच्या अगदी वरच्या सुरांमध्येच ती खाच पडत होती, त्यामुळे ती कुणाच्याच लक्षात येणार नाही ही आशाच भाबडी होती. तोवर डॅट यंत्रं बनवणारी सोनी स्वतःच सीबीएस रेकॉर्ड्सची मालकीण झाली होती.

आता वाटेल, भांडण घरातलंच झालं, मिटलं. तसं झालं नाही. १९८९ साली अथेन्समध्ये यंत्रवाले आणि रेकॉर्डवाले यांच्यात समझोता झाला, पण त्यात गीतकारांना काहीच नव्हतं. १९९० मध्ये त्यांनी सोनीवरच दावा ठोकला. त्या तडजोडीतून १९९२चा ऑडिओ होम रेकॉर्डिंग ॲक्ट आला. मूळ डिस्कवरून प्रत काढता येईल, पण त्या प्रतीची प्रत निघणार नाही अशी व्यवस्था यंत्रात हवी. शिवाय यंत्राच्या किमतीवर २ टक्के आकार, कमीत कमी १ डॉलर आणि जास्तीत जास्त ८. कोऱ्या टेपवर ३ टक्के. भरायचा आयात करणाऱ्यानं किंवा बनवणाऱ्यानं.

दिसायला हा जकातीसारखा, पण सरकारी तिजोरीत राहत नाही. जमा रकमेचे दोन तृतीयांश ध्वनिमुद्रणाच्या निधीत, एक तृतीयांश गीतरचनेच्या. ध्वनिमुद्रणाच्या निधीतून आधी ४ टक्के साथीच्या वादक-गायकांचे, मग उरलेल्याचे ४० टक्के मुख्य कलाकाराला आणि ६० टक्के कंपनीला. योजना चांगली बांधलेली होती. फसली ती व्याख्येत. संगणक ‘ऑडिओ रेकॉर्डिंगचं यंत्र’ या व्याख्येबाहेर ठेवला होता. रिओ नावाचा खिशातला एमपी३ प्लेअर संगणकाच्या हार्ड डिस्कवरून गाणी घेतो, म्हणून तो कायद्यात बसत नाही, असा निकाल १९९९ मध्ये नवव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयानं दिला. लोक टेप सोडून संगणकाकडे वळले आणि आकाराची गंगाजळी आटली.

आता जरा हॉटेलात शिरू. १९९८च्या अमेरिकी कायद्यानं ठरवलं, की खाण्यापिण्याची जागा ३७५० चौरस फुटांहून लहान असेल आणि दुकान २००० चौरस फुटांहून लहान असेल, तर रेडिओ-टीव्हीवरची गाणी गिऱ्हाइकांना ऐकवायला गीतकार-संगीतकारांना काही द्यायला नको. त्याहून मोठ्या जागेतही सहा स्पीकरपर्यंत सूट, एका खोलीत चारच्या वर नाही. सीडी लावली तर मात्र सूट नाही. आयर्लंडमधल्या हक्कसंस्थेनं तक्रार केली, युरोपनं ती जागतिक व्यापार संघटनेत नेली, आणि २००० साली अमेरिका हरली. सुमारे ७० टक्के उपाहारगृहं आणि ४५ टक्के दुकानं फुकटात सुटतात, याला ‘किरकोळ अपवाद’ कसं म्हणायचं, हा पंचांचा मुद्दा होता. नुकसान वर्षाला १२ लाख १९ हजार ९०० युरो ठरलं. अमेरिकेनं तीन वर्षांचे मिळून ३३ लाख डॉलर दिले, कायदा मात्र तसाच ठेवला. हॉटेलवाले प्रत्येक मतदारसंघात असतात, डब्लिनचे संगीतकार एकाही नाही.

हेच सरकार दरवर्षी ‘स्पेशल ३०१’ नावाचा अहवाल काढतं आणि कॉपीराइट नीट न सांभाळणाऱ्या देशांची यादी लावतं. भारत त्यात वर्षानुवर्षं आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण इथे बेतूनच शिवल्यासारखी बसते.

आणि सगळ्यात मोठं छिद्र तर रेडिओतच आहे. अमेरिकेत एफएम किंवा एएमवर गाणं वाजलं, की गीतकाराला पैसे मिळतात. गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला शून्य. ॲरिथा फ्रँकलिननं १९६७ साली गाजवलेलं ‘रिस्पेक्ट’ ओटिस रेडिंगनं लिहिलेलं आहे. ते रेडिओवर वाजलं की वाटा रेडिंगच्या बाजूला जातो, ॲरिथाच्या आवाजाचं मोल नाही. तेच गाणं इंटरनेट रेडिओवर वाजलं तर चित्र वेगळं. १९९५च्या कायद्यानं डिजिटल प्रसारणाला रॉयल्टी लावली, आणि १९७२पूर्वीची ध्वनिमुद्रणं २०१८ साली त्यात आली. साउंडएक्सचेंज ही संस्था ती गोळा करते: ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला, ५ साथीदारांना. तुलनेला आपलं उदाहरण घ्या. भारतात २०१० साली कॉपीराइट मंडळानं एफएम स्टेशनांना ध्वनिमुद्रणासाठी निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या २ टक्के भरायला सांगितलं. दर पुढे बदलले, पण द्यायचे की नाही हा प्रश्न तिथे नव्हता.

या शून्याचा फटका परदेशात बसतो. गायक-वादक आणि रेकॉर्ड कंपन्यांच्या हक्कांसाठीच्या १९६१च्या आंतरराष्ट्रीय रोम करारात अमेरिका नाही. ‘तुमच्याकडे आमच्या गायकांना मिळत नाही, मग आमच्याकडे तुमच्यांना का द्यावं?’ असं म्हणत कित्येक देशांनी अमेरिकी कलाकारांचा वाटा रोखून धरला. मालकीचा प्रश्न इथे टोचतो. रोम कराराच्या पाचव्या कलमानुसार, एखादी रेकॉर्ड कराराबाहेरच्या देशात आधी निघाली आणि ३० दिवसांच्या आत करारातल्या देशातही निघाली, तर ती तिथेच पहिल्यांदा निघाली असं धरतात, आणि तिला कराराचं संरक्षण मिळतं. ज्या कंपनीची लंडनला, टोरांटोला कचेरी आहे, तिला हे सहज जमतं. नॅशव्हिलमधल्या स्टुडिओत गिटार वाजवून घरी गेलेल्या माणसाच्या स्वतःच्या हातात अशी पळवाट नाही. म्हणून मला परदेशी मालकीपेक्षा वॉशिंग्टनचा हा न केलेला कायदा अमेरिकी कलाकाराला जास्त महाग पडलेला दिसतो. ८ सप्टेंबर २०२० रोजी युरोपच्या न्यायालयानं आयर्लंडमधल्याच एका दाव्यात सांगितलं, की सदस्य देशांना आपापल्या मर्जीनं बाहेरच्या कलाकारांना वगळता येणार नाही. मर्यादा घालायचीच तर ती युरोपीय संघानं कायदा करून घालावी.

अमेरिकी काँग्रेसमध्ये २०२१पासून अमेरिकन म्युझिक फेअरनेस ॲक्ट पुन्हा पुन्हा मांडला जातो. रेडिओवाल्यांचं म्हणणं, आम्ही गाण्याची फुकट जाहिरात करतो, वर पैसे कसले मागता? लहान स्टेशनं बुडतील ही त्यांची दुसरी हाकाटी. पण विधेयकात तिची सोय आधीच आहे: वर्षाला १५ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या, मोठ्या मालकाच्या नसलेल्या व्यापारी स्टेशननं वर्षभराचे ५०० डॉलर भरायचे, आणि उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर फक्त १० डॉलर.