'दहा हजारची दाखवा, पण पातळ'

(डोंबिवलीतल्या एका वाचनालयात राष्ट्रीय ग्राहक दिनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. 1986 साली 24 डिसेंबरला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून आजचा हा दिवस. अशा दिवशी तुम्ही गल्ल्यामागे बसणाऱ्या माणसालाच बोलायला उभं केलंत, याला धाडस म्हणतात. मी स्टेशनबाहेर चौदा वर्षं मोबाइलच्या सामानाचं दुकान चालवतो. इंजिनिअर नाही. जे कळलं ते विकता विकता आणि परत आलेला माल उघडता उघडता कळलं.

पॉवर बँकेचं गिऱ्हाईक दारातूनच ठरलेलं वाक्य बोलतं. "दहा हजारची दाखवा, पण पातळ." दहा हजार म्हणजे रुपये नव्हेत, एमएएच, आत किती वीज मावते त्याचं माप. सगळी भानगड त्या 'पण'मध्ये आहे. 'पण' म्हणताना त्यालाही आतून ठाऊक असतं की आपण दोन टोकांच्या गोष्टी मागतोय.

आधी पातळ का हवी ते बघू. एक सिस्टर यायच्या, मुंबईत हॉस्पिटलात ड्युटी. त्यांनी चौथी पॉवर बँक मागितली तेव्हा मी विचारलं, "ताई, आधीच्या तिन्ही बिघडल्या का?" म्हणाल्या, "छे हो, तिन्ही चांगल्या आहेत. कपाटात आहेत. पर्समध्ये डबा, छत्री, पाण्याची बाटली. त्यात ती वीट कोण घालणार?" त्या दिवसापासून मी मालाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. घरी राहिलेल्या वीस हजारपेक्षा पर्समधली पाच हजार मोठी असते. आणि बायकांच्या कपड्यांना धड खिसा नसतो, हा पॉवर बँकेच्या धंद्यातला फार मोठा मुद्दा आहे, हे कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं.

संध्याकाळी सातला दादरला उभा राहिलेला माणूस आठवा. फोन सहा टक्के. तिकीट फोनमध्ये, पास फोनमध्ये, रिक्षाचे पैसे फोनमध्ये. टीसीला 'बॅटरी गेली' हे कारण चालत नाही, दाखवता आलं नाही तर तुम्ही विनातिकीट. या माणसाला फोन शंभर टक्के करायचा नाहीये. त्याला घरापर्यंत पोचायचंय. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात फोन. तिसरा हात देवांना असतो, आपल्याला नाही. म्हणजे पॉवर बँक फोनच्या पाठीला लावून एकाच मुठीत धरायची. तिथं दोन-तीन मिलिमीटरनं फरक पडतो. केबल वीतभरच हवी, मीटरभर लांब वायर शेजारच्याच्या बॅगेला अडकते. आणि तिची पाठ गुळगुळीत चकचकीत नको, मुठीतून सटकते. हे तिन्ही मुद्दे मला गिऱ्हाइकांनी शिकवले.

आता दुसरं टोक, दहा हजार. सुरुवातीच्या पॉवर बँकांत गोल सेल असायचे, 18650 नावाचे. नावातच माप आहे, 18 मिलिमीटर व्यास आणि 65 मिलिमीटर लांबी. कवच धरलं की दोन सेंटिमीटरच्या खाली जाडी येणं शक्यच नव्हतं. मग पाऊचमधले चपटे पॉलिमर सेल आले आणि 'स्लिम' हा शब्द खोक्यावर आला. पण पोळी कितीही पातळ लाटलीत तरी कणकेचा गोळा तेवढाच लागतो. पातळ लाटली की ती रुंद होणार.

गणित करून दाखवतो, घाबरू नका. 10,000 एमएएच गुणिले सेलचे 3.7 व्होल्ट, म्हणजे 37 वॅट-तास, हा आतल्या विजेचा खरा साठा. चांगल्या पाऊच सेलमध्ये एका घन सेंटिमीटरमागे ढोबळमानानं 0.65 वॅट-तास मावतात. म्हणजे नुसत्या सेललाच 57 घन सेंटिमीटर जागा हवी. फोनएवढी लांबी-रुंदी धरली, 15 बाय 7, तर सेलच साडेपाच मिलिमीटर जाड झाला. वर सर्किट, कवच आणि सेल थोडा फुगला तर त्याला श्वास घ्यायला जागा. नऊ-दहा मिलिमीटर झालेच. शिवाय जुन्या रुंद यूएसबीचं भोकच साडेचार मिलिमीटर उंच असतं, टाइप-सीचं अडीचच्या आसपास. म्हणून खरी पातळ करायची तर कंपनी रुंद भोक काढून टाकते, आणि मग गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येतं, "माझी जुनी वायर लागत नाही." हल्ली सिलिकॉन-कार्बनचे सेल येतायत, त्यांत तेवढ्याच जागेत थोडं जास्त मावतं. थोडंच.

हेच गणित फसवणूक पकडायलाही चालतं. क्रेडिट कार्डाएवढी 20,000ची पॉवर बँक कुणी दाखवली, तर ती निदान अडीच सेंटिमीटर जाड असली पाहिजे. नसेल तर छापलेला आकडा खोटा. घरी भाजीचा इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर आणखी सोपं. 10,000ची पॉवर बँक शंभर-सव्वाशे ग्रॅम भरली तर आत तेवढे सेल नाहीतच. बरं, जड आहे म्हणून खरी, असंही नाही हं. फुटपाथवरून घेतलेली एक '50,000'ची माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. उघडली तर दोन सेल जिवंत, बाकीच्या नळकांड्यांत वाळू. वजन मात्र अगदी व्यवस्थित दिलं होतं त्यानं.

आता भांडणाचा विषय. "फोन पाच हजारचा, पॉवर बँक दहा हजारची, मग दोनदा का होत नाही?" माझ्या दुकानात याच्यावरून आवाज चढलेत. सोनाराकडे घट धरतात ना, तसं आहे. 10,000 हा आकडा सेलच्या 3.7 व्होल्टला मोजलेला आहे. फोनला ती 5 व्होल्टनं देते. माप बदललं की तीच वीज 7,400 होते. त्यात रूपांतराची घट दहा-पंधरा टक्के, हाती 6,300-6,650 उरतात. खोक्यावर मागच्या बाजूला 'रेटेड कपॅसिटी' म्हणून हा आकडा मुंगीच्या अक्षरांत छापलेला असतो. फोनमध्ये शिरताना आणखी थोडी घट. पण फोनचे पाच हजारही 5 व्होल्टला नव्हे, त्याच्या सेलच्या व्होल्टला मोजलेले, म्हणून सरासरी दीड वेळा धरा. हे मी आता विकायच्या आधी सांगतो. एखादं गिऱ्हाईक जातं. जे राहतं ते भांडायला येत नाही.

फास्ट चार्जिंगबद्दल एवढंच, की तुमच्या फोनवर 80 वॅट लिहिलंय ते बहुतेक त्या कंपनीच्या स्वतःच्या चार्जरपुरतं. पातळ पॉवर बँक 20-22 वॅट देते आणि फोन तीही पूर्ण घेईलच असं नाही. मी उलटं विचारायला शिकवतो, ही स्वतः किती वेळात भरते? 10 वॅटनं भरणारी दहा हजारची साडेचार-पाच तास घेते. रात्री अकराला लावली आणि पहाटे तीनला लाइट गेली, तर सकाळी पूर्ण भरलेली नसतेच.

पाठीला चुंबकानं चिकटणाऱ्यांची सध्या फार चलती आहे. 2020 साली आयफोन 12 बरोबर ही पद्धत आली, नंतर क्यूआय-2 या वायरीशिवाय चार्जिंगच्या मानकानं ती इतरांनाही खुली झाली. दिसायला झकास, वायरच नाही. पण वायरीशिवाय दिलेल्या विजेतली बरीच उष्णता होऊन वाया जाते, आणि ही उष्णता पातळ कवचातून थेट तुमच्या फोनच्या पाठीला. मे महिन्यात, खिडकीच्या उन्हात, मॅप लावून गाडीत. त्या फोनला विचारा त्याला काय हवंय.

उष्णतेवरून सुरक्षेवर येतो. 28 जानेवारी 2025 ला दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान जमिनीवर उभं असताना जळालं. तपासात डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेकडे बोट गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये अँकरसारख्या नामांकित कंपनीनं अमेरिकेतून 11 लाखांहून जास्त पॉवर बँका परत मागवल्या. हे ऐकून काही जण म्हणतात, बघा, ब्रँडेड पण तसलीच. मी म्हणतो, परत मागवायला मालावर मॉडेल नंबर असावा लागतो, आणि कंपनीच्या दाराशी कुणीतरी असावं लागतं. वाळूवाल्याला कुठं शोधणार? आपल्याकडे पॉवर बँकेला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. 'आर'नं सुरू होणारा नंबर मालावर हवा, आणि तो बीआयएस केअर ॲपमध्ये घालून पाहता येतो. माझ्या दुकानात उभं राहून पाहा. मला राग येत नाही. थोडासा येतो, पण चालेल.

विमानात ती चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही, जवळच्या बॅगेत. शंभर वॅट-तासांपर्यंत चालते. आपली दहा हजारची 37, वीस हजारची 74.

एक अपवाद सांगतो. आषाढीच्या आधी वारकरी येतात. एका माउलींना मी हौसेनं नवी नाजूक पातळ दाखवली. त्यांनी तळहातावर तोलली आणि परत दिली. म्हणाले, "पोरा, ही दोन दिवसांची. आमची वाट अठरा-वीस दिवसांची. दिंडीच्या ट्रकवर बोर्डाला शंभर वायरी लोंबतात, नंबर कधी लागेल पांडुरंगाला ठाऊक. जाड दे." वीस हजारची घेऊन गेले, शबनममध्ये टाकली, खांदा जरा खाली गेला.

[श्रोत्यांतून प्रश्न : घरी एक फुगलेली आहे, तिचं काय करू?]

पातळ आहे ना ती? पाऊचचा सेल बिघडला की आत वायू धरतो आणि कवच उमलतं. दाबून बसवू नका, टाचणी लावू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलीत तर कचऱ्याच्या गाडीत पेटेल. 2022 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय, पण तुम्ही उत्पादकाला कुठं शोधत बसणार! दुकानात माझ्या खुर्चीमागे वाळू भरलेला पत्र्याचा डबा आहे, तेलाचा पंधरा किलोचा. त्यात ठेवतो, साठल्या की ई-कचरावाला नेतो. सोमवारी बंद असतं, मंगळवारी आणा. आणि काका, येताना ती शर्टाच्या खिशात घालून आणू नका.