रविवारनंतरचे सहा दिवस

(दृश्य: नवापूर रेल्वे स्टेशन, सकाळ)

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातली आदिवासी कुटुंबं हद्द ओलांडून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते; घरात कुणी आजारी पडलं म्हणून, नाहीतर लग्न निघालं म्हणून. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. लेकरं आईबापांबरोबर जातात, शाळा सुटते ती सुटतेच.

यांतली कितीतरी कुटुंबं ख्रिस्ती आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक खानदेशात आले. आज नवापूर तालुक्यात गावोगावी चर्च दिसतं. नाताळात त्यावर पताका लागतात, आणि त्याच वेळी मंडळीतली माणसं उसाच्या पाचटात झोपलेली असतात.

मग चर्चचं सेवाकार्य म्हणायचं कशाला? लूकच्या शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाचा ग्रंथ उघडतो. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, असं तो वाचतो. उचलीत अडकलेल्या माणसाला ही ओळ ऐकवायची, तर पाळकाने फडावर जायला हवं. उपासना तिथेच घ्यावी आणि ती झाली की वही उघडून उचलीचा हिशेब मांडायला बसावं. किती टन ऊस तोडला, उचलीपोटी किती पैसे कापले, किती फेडायचे राहिले. आम्ही यालाही सेवाच मानतो.

(दृश्य: सुगीचा सण, चर्चचं अंगण)

सुगीच्या सणाला वेदीपुढे तूर, भात, लाल मिरची, दुधीभोपळे मांडलेले असतात. उपासनेनंतर लिलाव. एखादा भोपळा कुणी घेतो आणि परत दानात देतो. पुन्हा बोली लागते, बायका हसून हसून भाव चढवतात. जमलेला पैसा बहुतेकदा इमारतीला लागतो. त्यातला एक वाटा सिकलसेलच्या रुग्णांच्या गाडीभाड्यासाठी बाजूला ठेवावा, असं आमचं आग्रहाचं म्हणणं आहे.

कारण हा आजार इथल्या भिल्ल, मावची, पावरा घरांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं-सांधे असह्य ठणकतात. आईबाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता 4 मध्ये 1. वाहकाला स्वतःला सहसा काही होत नाही, त्यामुळे त्याला कळतही नाही. मिशनने सुरू केलेलं चिंचपाड्याचं हॉस्पिटल आजही चालू आहे, सरकारी दवाखान्यातही रक्ततपासणी होते. पण तिथवर माणूस पोचतो तो बहुधा दुखणं सुरू झाल्यावर.

चर्चच्या हातात मात्र एक संधी आधीच असते. लग्न ठरलं की तीन रविवार त्याची जाहीर घोषणा होते. पाळकाने घोषणेच्याही आधी, दोघांना घरी बसवून विचारावं: तपासणी झाली का? लग्न मोडायला नव्हे. पुढे काय येऊ शकतं, हे दोघांना ठाऊक असावं म्हणून. आणि मुलगी वाहक निघाली म्हणून कुणी तिला नाकारलं, तर मंडळीने तिच्या पाठीशी उभं राहावं.

(दृश्य: ग्रामसभा)

1917 साली ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. इथल्या गावांत तशा बैठकीची आजही गरज आहे, आणि ती ग्रामसभेत भरते. 2006च्या वनहक्क कायद्याने, 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासींना दावा करता येतो. गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब हाही पुरावा धरला जातो. आदिवासींच्या याहामोगी देवीला नवस फेडणारा म्हातारा आणि चर्चमध्ये मावचीतून भजन म्हणणारा म्हातारा एकाच बांधाची साक्ष देतात. धर्मावरून गावात दोन तट पडले, की दोघांचेही दावे लोंबकळतात.

चर्चमधल्या शिकलेल्या पोरांनी हे जबाब लिहून घ्यावेत, नकाशे जोडावेत, दाव्याची पोच मागून घ्यावी, शेजाऱ्याच्या दाव्याचीसुद्धा. आणि पुढच्या ग्रामसभेची तारीख उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये वाचली जावी. एवढं तर येत्या रविवारीही होईल.