पेव्हर ब्लॉकला सीलर : घाई पावसाआधीची, काम थंडीतलं

(दृश्य : सोसायटीचं पार्किंग. लाल ब्लॉक, पाऊस नुकताच थांबलेला. नखाने पापुद्रा उचलला जातो.)

नखाने उचलला तरी निघतो, असा हा पापुद्रा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात याच ब्लॉकवर चकचकीत ॲक्रिलिक सीलरचे, म्हणजे ब्लॉकमध्ये पाणी मुरू नये म्हणून लावतात त्या द्रावणाचे, दोन कोट मारले होते. तेव्हा सगळं अंगण ओल्या विटेसारखं गर्द दिसत होतं. आता जुलै अर्धा सरला आहे. ब्लॉकवर दुधाळ डाग उमटलेत, कडा सुटल्यात, आणि पापुद्र्याखाली बोट फिरवलं की बोट ओलं होतं.

ही ओल खालून आली आहे. ब्लॉकखाली साधारण 30 मिलिमीटर क्रश सँडचा, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूचा, थर असतो, त्याखाली खडी आणि मुरूम, आणि पुण्यात बऱ्याच ठिकाणी त्याही खाली काळी माती. पावसाळ्यात हे सगळं चिंब होतं. मधे ऊन पडलं की या पाण्याची वाफ ब्लॉकच्या छिद्रांतून वर येऊ लागते. पेव्हर ब्लॉकसाठी आय. एस. 15658 हे भारतीय मानक आहे. त्यात ब्लॉकने सरासरी 6 टक्क्यांपर्यंत पाणी शोषलं तर चालतं. हिशेब करून बघा : 200 बाय 100 बाय 60 मिलिमीटरचा ब्लॉक पावणेतीन किलोचा भरतो. म्हणजे मानकात बसणारा, चांगला ब्लॉकसुद्धा दीडशे मिलिलिटरच्या वर पाणी पोटात घेऊ शकतो. कपभर चहाइतकं. एका ब्लॉकमध्ये!

वर प्लॅस्टिकसारखा थर बसला की हे पाणी अडकतं. वाफ थराला खालून रेटते, थरात बारीक पोकळ्या होतात, त्यांत प्रकाश विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. लोक याला लोणा समजतात आणि ॲसिड मागवतात. लोणा वेगळा. तो सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पांढरा होतो, आणि खरवडला तर त्याची पूड होते. इथे पूड होत नाहीये, साल निघतेय. एवढी एक खूण ओळखली तरी निम्मा खर्च वाचतो.

मे महिन्यात आणखी दोन गोष्टी आडव्या येतात. दुपारी दोनच्या उन्हात ब्लॉक सहज 55 अंशांपर्यंत तापतो. सीलर आत मुरायच्या आधीच त्यातला थिनर उडून जातो, मग बुडबुडे राहतात आणि रोलरचे पट्टे दिसतात. आणि ऊन टाळून संध्याकाळी काम धरलं, तर वळवाची सर येऊन गेलेली असते. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्या ओल्या कोटावरच जमतं आणि कोट लावता लावता धुरकट होतो. मिस्त्रीचा हात कितीही चांगला असो, या हवेत काम बिघडणारच.

पुण्यात सीलरचा हंगाम दिवाळी उरकल्यावर सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेर संपतो. ऑक्टोबरच्या उन्हाला आपण नावं ठेवतो, पण ब्लॉकखालची जमीन तेच ऊन वाळवतं.

(दृश्य : डिसेंबर. तेच पार्किंग, गाड्या रस्त्यावर लावलेल्या. कोपऱ्यात रिकामे डबे.)

जुना ॲक्रिलिक थर आमचा कॅमेरा पोचायच्या आधीच उतरवून झाला होता. झायलीनवर आधारित स्ट्रिपर (जुना थर सैल करणारं रसायन), तीन-तीन फुटांचे तुकडे, पत्र्याची खरवडणी. दोन दिवस लागले. या वाफा श्वासात जाणं वाईट. मास्क साधा कापडी नको, कार्बन फिल्टरचा हवा.

आता हा चौकोन बघा. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिक, चारही बाजूंनी चिकटपट्टी. काल संध्याकाळी लावलं, सोळा तास उलटल्यावर उघडतायत. खाली एकही थेंब नाही, ब्लॉकचा रंग आजूबाजूसारखाच. म्हणजे जमीन कोरडी आहे. दुसरा चौकोन जिन्याच्या सावलीत लावला होता. तो उघडताना आवाजसुद्धा वेगळा येतो, आणि आतून प्लॅस्टिकवर दव साचलंय. या पट्ट्यात आणखी चार दिवस हात लावायचा नाही. एकाच अंगणात दोन निकाल येतात, म्हणून उन्हात एक, सावलीत एक आणि पाण्याच्या टाकीजवळ एक, असे निदान तीन चौकोन लावावेत.

काम नव्या ब्लॉकचं असेल तर सीलरची घाई मुळीच नको. 28 दिवस तरी जाऊ द्यावेत. दोन महिने गेले तर उत्तम, तेवढ्यात लोणा बाहेर पडून धुऊन जातो. आधीच सीलर मारला तर लोणा आत कोंडला जातो आणि पुढे काढता येत नाही.

(दृश्य : खुरपं, सांध्यातलं गवत मुळासकट बाहेर.)

साफसफाईला क्रम आहे. आधी गवत, मुळासकट. मग शेवाळ. बाजारात मिळणारं चार-पाच टक्क्यांचं ब्लीच एक भाग, पाणी चार भाग. फवारायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं, खराट्याने घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं. कुंड्या आणि झाडांची आळी आधी प्लॅस्टिकने झाकायची. तेलाच्या डागावर आधी लाकडाचा भुसा टाकून सुटं तेल टिपायचं, मग डिग्रीझर (तेल सोडवणारं द्रावण) आणि खडूची पूड कालवून त्याचा लेप द्यायचा, वर प्लॅस्टिक, एक रात्र. लेप वाळताना तेल वर ओढून घेतो. गंजाच्या डागाला ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरमागे 50 ते 100 ग्रॅम, हातात रबरी मोजे घालून.

संडास धुवायचं ॲसिड मात्र ब्लॉकवर ओतू नये. रंगीत ब्लॉकचा रंग वरच्या काही मिलिमीटरांतच असतो. ॲसिड तेवढंच सिमेंट खातं आणि खालची खडी उघडी पडते. आणि ब्लीच मारलेल्या जागेवर ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही एका दिवशी वापरूच नका.

प्रेशर वॉशरचं नोझल पंख्यासारखं पसरणारं असावं, फुटभर अंतरावर, तिरकं धरलेलं. सरळ सांध्यात मारलं तर वाळू उडते. थोडी उडणारच, ती नंतर भरायची आहे.

(दृश्य : अगदी जवळून, दोन ब्लॉकमधला सांधा. वाळूचे कण घरंगळत आत उतरतात.)

या फटीकडे नीट बघा. रुंदी जेमतेम तीन मिलिमीटर. गाडीचं चाक एका ब्लॉकवर आलं की तो ब्लॉक एकटा भार घेत नाही. या फटीतले कण भार शेजाऱ्याला देतात, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. फट रिकामी असेल तर ब्लॉक डुलतो, कडा एकमेकांवर आपटतात, टवके उडतात, आणि पावसाचं पाणी सरळ खालच्या थरात उतरून तो वाहून नेतं. अशा अंगणावर कितीही महाग सीलर मारला तरी पैसे वाया.

वाळू पूर्ण कोरडी आणि 2.36 मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेली हवी. पुण्यात आता नदीची वाळू सहजी मिळत नाही, क्रश सँड येते, आणि तिच्यात दगडाचं पीठ असतं. मूठभर वाळू काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून ठेवा. खाली कण बसतात आणि वर राखाडी गाळाचा थर दिसतो. थर जाड असेल तर वाळू धुऊन, वाळवून घ्यायची. ते पीठ ब्लॉकच्या अंगावर राहिलं तर सीलर त्याला तिथेच धरून ठेवतो, आणि मग ती राखाडी छटा कायमची.

झाडूने वाळू तिरकी ओढायची, म्हणजे ती सांध्यात पडते, सांध्यातून निघत नाही. मग प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थरथरून ब्लॉक दाबणारं यंत्र, खाली रबराची मॅट लावून. मॅट नसेल तर रंगीत ब्लॉक ओरखडतात. कॉम्पॅक्टर फिरला की वाळू खचते. पुन्हा वाळू, पुन्हा कॉम्पॅक्टर. इथे तीन फेऱ्या लागल्या. शेवटी वाळू ब्लॉकच्या उतरत्या कडेच्या तीन मिलिमीटर खाली राहिली पाहिजे. मग ब्लोअर, आणि ब्लोअरनंतर तळहात फिरवून बघायचा. हाताला पांढरं लागलं तर पुन्हा ब्लोअर.

(दृश्य : गॅलरीतून एक काकू वाकून विचारतात, "दादा, सीलर मारल्यावर चमकेल ना?" मिस्त्री मान वर करतात, "नाही काकू, आहे तसंच दिसेल. पाणी टाकलंत की कळेल.")

मिस्त्रींच्या डब्यात सिलेन-सिलोक्झेन सीलर आहे. तो वर थर करत नाही. काही मिलिमीटर आत जातो आणि छिद्रांच्या भिंतींना अस्तर लावतो. छिद्रं उघडीच राहतात. वरचं पाणी आत शिरत नाही, आतली वाफ बाहेर पडते. पुण्याच्या पावसाळ्यात आणि कोकणातल्या तर नक्कीच, उघड्या अंगणाला हाच सीलर वापरावा असं आमचं स्पष्ट मत आहे. चमक हवी असेल तर ती छपराखालच्या पोर्चपुरती ठेवा. ओल्या चकचकीत ब्लॉकवरून ज्येष्ठ मंडळी घसरतात.

किती लागेल, हे डब्यावरच्या आकड्यावरून ठरवू नका. कोपऱ्यात दहा चौरस फूट आखून घ्या आणि मोजून ओता. इथे 150 मिलिलिटर लागलं. अंगण 1,200 चौरस फूट, म्हणजे पहिल्या कोटाला 18 लिटर. दुसऱ्या कोटाला ब्लॉक निम्मंच पितात, 9 लिटर. एकूण 27, आणले 30.

सकाळचे दहा वाजलेत. डिसेंबरात पहाटे दव पडतं, म्हणून ऊन अंगणात येऊन तासभर झाल्याशिवाय पंप उचलत नाहीत. ब्लॉक दहा अंशांच्या खाली नको आणि बत्तीसच्या वर नको. गाड्या, काचा, ॲल्युमिनियमच्या चौकटी झाकून घ्यायच्या. काचेवर वाळलेला सिलोक्झेन घासून निघत नाही.

(दृश्य : पाठीवरचा पंप, मंद फवारा. ब्लॉक गडद होत जातात.)

गेटपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात, मागे मागे सरकत. एक जण फवारतो, दुसरा कोरडा रोलर फिरवून साचलेलं पसरवतो. दुसरा कोट पहिला ओला असतानाच, दहा ते वीस मिनिटांत. पहिला वाळला की तो पाण्यासारखाच दुसऱ्या कोटालाही आत घेत नाही, आणि वर चिकट डाग राहतो. इथे मधे चहा आला, आणि मिस्त्रींनी तो तसाच बाजूला ठेवून पट्टा पुरा केला. दहा मिनिटांनंतरही जे वर चमकतं, ते फडक्याने पुसून घ्यायचं.

चालायला चोवीस तास, गाड्यांना तीन दिवस.

(दृश्य : कसबा पेठ. जुन्या वाड्याचा चौक, शहाबादी फरशी, मधे तुळशीवृंदावन.)

शहाबादी फरशीचं वेगळं. हा चुनखडक आहे. लिंबाचा रस सांडला तरी फरशीवर फिकट ठिपका उठतो. तिला कुठलंही ॲसिड नको, साधं साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरे. सीलर लावायचाच तर आत मुरणारा, दगडासाठीचा, आणि आधी एका कोपऱ्यातल्या फरशीवर लावून आठवडाभर बघायचं. काळ्या पाषाणाची घट्ट फरशी तर जवळजवळ काहीच पीत नाही. तिला सीलर लावू नये, तो वरच बसतो आणि चिकट होतो.

(दृश्य : पुन्हा पार्किंग, आठ दिवसांनी. ड्रॉपरमधून पाण्याचा एक थेंब.)

थेंब मण्यासारखा बसलाय. दहा मिनिटांनी पुसला, खाली ब्लॉक कोरडा. वर्षभर ऊन खाल्ल्यावर आणि चाकं फिरल्यावर हा मणी चपटा होईल. तेव्हा सीलर संपला असं समजू नये, कारण तो आतमध्ये शाबूत असतो. दहा मिनिटांत थेंबाखालचा ब्लॉक गडद झाला, तर मात्र नव्या कोटाची वेळ आली. आत मुरणाऱ्या सीलरला साधारण तीन ते पाच वर्षं मिळतात, ॲक्रिलिक थराला एक ते तीन.

तीन लिटर उरलेत. उद्या पाइपलाइनसाठी चार ब्लॉक उचलावे लागले, तर नव्या ब्लॉकना हाच सीलर लागेल. डब्याचं झाकण घट्ट लावून, वर तारीख आणि "150 मिली, दहा फूट" असं मार्करने लिहून, डबा मीटर रूमच्या बाहेर, सावलीत ठेवलाय.